लिगायाच्या दोन निनांग

पाणीपुरवठा कार्यालयात मी रुजू झाले त्या दिवशी मला कुणी विचारलंसुद्धा नाही की बाई, तुला टायपिंग येतं का, फायली लावता येतात का. दहाला खाण्याची सुट्टी झाली आणि सगळं ऑफिस टक लावून बघत बसलं, ही नवी कुठल्या टेबलावर जाऊन बसते.

टेबलं दोन होती. गार पाण्याच्या मशीनजवळचं मॅम पेर्पेतुआचं. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख, अंगाने किरकोळ, आवाज मात्र पार फाटकापर्यंत जाणारा. खिडकीजवळचं टेबल मानांग झेनीचं. ती सगळ्यांत जुनी कारकून, म्हणून सगळे तिला मानांग म्हणजे मोठी बहीण म्हणायचे. आठ वर्षांपूर्वी प्रमुखपद आपल्यालाच मिळणार म्हणून मानांग झेनी नवा ड्रेस शिवून बसली होती, आणि पद गेलं पेर्पेतुआकडे. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. नाताळच्या पार्ट्यासुद्धा दोन होत. सोळा माणसांचं ऑफिस आणि दोन-दोन पार्ट्या! आता बोला.

मी काय केलं? कॉफीचा कप घेतला आणि फायलींच्या कपाटाला टेकून उभ्या-उभ्या प्यायले.

"इंदायला मूळव्याध आहे का गं?" पेर्पेतुआच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. आमच्याकडे धाकट्या बायकांना सगळे इंदायच म्हणतात, प्रेमाने म्हणायचं तरी आणि टोमणा मारायचा तरी. दोन्ही टेबलं हसली. मीही हसले. हसण्यावाचून करते काय!

ही नोकरी मला हवी होती, आणि नुसती हवी नव्हती, माझा जीव तिच्यात अडकला होता. माझी लेक लिगाया तेव्हा पाच महिन्यांची. नवरा रोदेल तिचाकी चालवतो. तिचाकी आठवड्यातून तीन दिवस चालते आणि चार दिवस रोदेल तिच्याखाली आडवा पडून ती दुरुस्त करतो. माझी बहीण अर्लीन दोहाला एका घरी मुलं सांभाळते. तिच्या मालकिणीच्या जावेलाही बाई हवी होती. माझा पासपोर्ट तयार होता, तपासण्या झाल्या होत्या, कागद घरी सांतो निन्योच्या, बाळ येशूच्या, मूर्तीखालच्या खणात पडून होते. ठरलं असं होतं की सहा महिन्यांनी ऑफिसची नोकरी पक्की झाली तर मी इथेच राहणार. नाही झाली, तर लिगायाला माझ्या आईच्या ओटीत टाकून दुसऱ्यांची पोरं सांभाळायला दोहाला. दोन वर्षं. पोर चालायला लागणार, बोलायला लागणार, आणि मी ते फोनवर बघणार.

आणि नोकरी पक्की व्हायच्या कागदावर सह्या दोन लागत. विभागप्रमुखाची एक आणि सर्वांत जुन्या कारकुनाची एक. म्हणजे पेर्पेतुआची आणि झेनीची. देवाला पण काय एकेक सुचतं!

त्याच रविवारी मी फेरीबोटीने गिमारास बेटावर तिया ओदिंगकडे गेले. ही माझी आत्या. एकतीस वर्षं पोस्टात काढलेली बाई. पाच पोस्टमास्तर तिने पचवले होते.

"हे बघ," तिया आंबा चिरता चिरता म्हणाली, "सोमवार, बुधवार, शुक्रवार एकीकडे बस. मंगळवार, गुरुवार दुसरीकडे. सगळ्यांचं खा. ह्या टेबलावरचं त्या टेबलावर काही म्हणजे काही न्यायचं नाही. कुणी कुणाबद्दल काही म्हटलं की नुसतं हुओ म्हणायचं."

"हो म्हणायचं? म्हणजे कबूल केल्यासारखंच की."

"अगं, ऐकलं एवढाच त्याचा अर्थ. नाही म्हटलंस की वैर. गप्प बसलीस की शिष्ट. हुओ म्हण आणि तोंडात घास घाल."

मी तंतोतंत तसंच वागले. सोमवारी पेर्पेतुआच्या टेबलावर तळलेली केळी खाल्ली, मंगळवारी झेनीच्या टेबलावर भाताचे गोड मुटके. पेर्पेतुआ म्हणायची, "झेनी नऊला येते आणि हजेरीत आठ लिहिते, तुला ठाऊक आहे ना?" मी म्हणायची, हुओ, मॅम. झेनी म्हणायची, "तिच्या ओळखीच्यांची नळजोडणी आठ दिवसांत होते, बाकीच्यांच्या फायली ती बुडाखाली घेऊन बसते." मी म्हणायची, हुओ, मानांग. दोघी दोन मीटरवर बसायच्या आणि एकमेकींना पिवळ्या चिठ्ठ्या पाठवायच्या. "तिला म्हणावं रजिस्टर दे." ती चिठ्ठी मी उचलायची आणि तोंड न उघडता पुढच्या टेबलावर ठेवायची. बघता बघता चार महिने निघाले. तक्रारींची खिडकी मी एकटी सांभाळत होते. गळके पाइप, गढूळ पाणी, शिव्या देणारे म्हातारे, सगळं. रांग कधी दारापर्यंत जाऊ दिली नाही. मला वाटायला लागलं, जमतंय की!

खोटं कशाला बोलू, एकदा मात्र तोल गेला. त्या दिवशी पेर्पेतुआने भर खिडकीत लोकांदेखत मला झापलं होतं, तेही दुसऱ्याच्या चुकीसाठी. दुपारी झेनी म्हणाली, "ह्या बाईला माणसं वागवता येत नाहीत." आणि मी म्हणून गेले, "नाहीच येत, मानांग. घरी पण कसे सहन करत असतील कोण जाणे." झेनी खूश. तिने मला आणखी एक मुटका वाढला. पंधरा दिवसांनी झेनीने माझ्या नावावर स्वतःची चूक ढकलली, तेव्हा पेर्पेतुआजवळ मी असंच एक वाक्य बोलले. काय ते आता सांगत नाही. लाज वाटते.

मग एके सकाळी पेर्पेतुआ माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"लिगाया नऊ महिन्यांची झाली ना गं? बाप्तिस्मा कधी करणार? निनांग ठरवलीस की नाही?"

निनांग म्हणजे पोरीची धर्ममाता. जन्माचं नातं. निनांग करून घेतली की ती पोरीच्या आईची मारे होते, आणि मारेचं वाईट मारेने करायचं नसतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. प्रमुख बाई आपण होऊन निनांग व्हायला आली म्हणजे सरळ सांगत होती, ये माझ्या टेबलावर.

"अजून ठरलं नाही, मॅम."

"ठरव की मग." आणि गेली.

अर्ध्या तासात झेनी आली. चेहरा पाडून. "मी विचारणार नाही हो. पण पहिल्या दिवसापासून तुला माझ्या ताटातलं वाढलंय, एवढं लक्षात ठेव."

त्या दिवशी घरी जाताना रोदेलच्या तिचाकीत बसल्या बसल्या माझी अक्कल उतू गेली. मी म्हटलं, "अहो, दोघींनाही करते!"

"कुणाला?"

"निनांग! दोघींना! विचारल्यावर नाही म्हणता येत नाही कुणाला, पोरीला अपशकुन होतो. दोघी माझ्या मारे झाल्या की दोघींचे हात बांधले. सही करावीच लागेल."

रोदेलने गाडी थांबवली, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू पोस्टात असतीस तर पोस्टमास्तर झाली असतीस." आम्ही दोघं काय हसलो! तिया ओदिंगला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. शहाणी ना मी!

बाप्तिस्म्याच्या दिवशी पेर्पेतुआने पोरीला धरलं, झेनीने मेणबत्ती. कुणी काय धरायचं हे ठरवायला मला तीन रात्री झोप नव्हती. पाद्रीबाबांनी लिगायाच्या डोक्यावर पाणी घातलं, ती किंचाळली, आणि पेर्पेतुआच्या हातातला रुमाल खाली पडला. झेनीने वाकून तो उचलला आणि तिच्या हातात दिला. आठ वर्षांत पहिल्यांदा. मागच्या बाकांवर आमचं अख्खं ऑफिस बसलं होतं, त्यांनी श्वास रोखून धरला होता.

घरी पाहुण्यांना जेवण होतं. आईने मोलोचं, म्हणजे खिमा भरलेल्या पुरचुंड्यांचं सूप केलं होतं, पिवळा भात, कोंबडी. फोटोवाल्याने दोघींना पोरीच्या दोन बाजूंना उभं केलं आणि म्हणाला, "जवळ या, जवळ! आता मारे आहात ना एकमेकींच्या!"

पेर्पेतुआने हात पुढे केला. मग म्हणाली, "ये गं, मारे."

झेनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोघी गळ्यात पडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

तिया ओदिंग गिमारासहून आली होती. ती कोपऱ्यात ताट घेऊन बसली होती, पण खात नव्हती. मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"दोघींना? एकाच पोरीला?"

"हो! बघ ना कशा एक झाल्या!"

"अगं बावळट पोरी, त्या तुझ्या मारे झाल्या हे खरं. पण एकमेकींच्याही झाल्या ना! आता त्यांना भांडता येणार नाही. मग त्या काय करणार?"

"काय करणार?"

"बोलणार," तिया म्हणाली. "आठ वर्षांचं साचलंय. आणि मधल्या चार महिन्यांत दोघींचं ऐकून घेणारं माणूस एकच होतं."

मला तेव्हा तिचा रागच आला. चांगल्या दिवशी म्हातारीला असं काहीतरी सुचतंच.

सोमवारी ऑफिसात गेले तर दोन्ही टेबलं जोडलेली. मधोमध पेर्पेतुआ आणि झेनी, एकाच ताटलीतून खात. ऑफिस म्हणजे जत्रा झाली होती नुसती. "आमची इंदाय म्हणजे संतीण आहे," कुणीतरी म्हणालं. मी लाजले. आठवडाभर मी त्या लांब टेबलाच्या टोकाला बसून सुखाने खाल्लं.

पुढच्या सोमवारी मी टेबलाशी गेले आणि बोलणं थांबलं. नुसतं थांबलं. चमचे वाजायचे थांबले. झेनीने माझ्यासाठी खुर्ची ओढली. त्या दोघी हसत होत्या, तोंडभर.

"बस, मारे," झेनी म्हणाली. "आम्ही सहज बोलत होतो. मी तुला म्हटलं होतं ना, पेर्पे ओळखीच्यांच्या फायली आधी काढते म्हणून. तेव्हा तू काय म्हणालीस गं?"

"मी... हुओ म्हटलं."

"आणि मी म्हटलं होतं, झेनी नऊला येऊन आठ लिहिते," पेर्पेतुआ म्हणाली. "तेव्हा?"

"हुओच म्हटलं, मॅम. पण तसं नव्हतं माझ्या मनात, मी नुसतं ऐकून..."

"नुसतं ऐकून? आणि माझ्या घरचे मला कसे सहन करतात, हे पण नुसतं ऐकूनच का?"

सगळं टेबल खाली बघत होतं. मी उभी होते तशीच. मला ओरडून सांगायचं होतं, अगं बायांनो, बोललात तुम्ही, शिव्या घातल्यात तुम्ही, आठ वर्षं! मी चार महिने फक्त मान हलवली. दोन वाक्यं बोलले, दोनच! पण कुणाला ओरडणार? माझ्या मारे होत्या त्या. मारेशी भांडायचं नसतं. त्यांचे हात बांधायला निघाले होते आणि स्वतःचं तोंड शिवून बसले.

"जाऊ दे," पेर्पेतुआने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आमच्या मनात काही नाही. खा."

त्या केळ्याची चव आठवली की अजून मळमळतं. आपल्या आठ वर्षांच्या भांडणाचं खापर फोडायला त्यांना एक डोकं हवं होतं, ते आयतं मिळालं. महिन्याभरात सगळ्या ऑफिसला पटलं, की ह्या दोघी बिचाऱ्या साध्या, लावालावी करणारी ती नवीच. माझ्या येण्याआधी सात वर्षं आठ महिने कोण लावालावी करत होतं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ज्या पोरी मला संतीण म्हणाल्या होत्या, त्या मी आले की चोर आल्यासारखी पर्स मांडीवर घ्यायच्या.

एकदा मी झेनीला जिन्यात गाठलं. हात जोडले. "मानांग, माझी पोर लहान आहे. सही नाही झाली तर मला दोहाला जावं लागेल."

झेनीने माझे हात हातात घेतले. तिचे डोळे खरंच भरले होते, हे मला सांगायलाच हवं. "अगं, मला का कळत नाही? पण मारेच्या विरुद्ध मी कशी जाऊ?"

"मीपण तुमची मारेच आहे ना!"

"म्हणूनच तर इतकं वाईट वाटतंय," ती म्हणाली आणि डोळे पुसत वर गेली.

सहाव्या महिन्याच्या शेवटी कागद आला. कामाचा वेग, उत्तम. वक्तशीरपणा, उत्तम. लोकांशी वागणूक, उत्तम. आणि खाली पेर्पेतुआच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: सहकाऱ्यांमध्ये सलोखा राखत नाही. कायम करण्याची शिफारस नाही. खाली दोन सह्या. आठ वर्षांत त्या दोघींनी एका कागदावर कुरकुर न करता केलेल्या पहिल्या सह्या असतील त्या.

मी खुर्चीत बसून हसले. वेड लागल्यासारखी हसले. मग खिडकी उघडली, कारण बाहेर एक म्हातारा गढूळ पाण्याची बाटली घेऊन कधीचा उभा होता. त्याची तक्रार लिहून घेतली.

घरी सांतो निन्योच्या खालचा खण उघडताना रोदेल माझ्याकडे बघत नव्हता. "तिचाकी विकली तर?" म्हणाला. कोण घेणार होतं ती! माझ्या आईने लिगायाचे कपडे स्वतःच्या घरी न्यायला सुरुवात केली, रोज दोन-दोन.

तुम्हाला वाटेल, दोघींनी तोंड लपवलं असेल. छे! निनांगचं नातं त्यांनी अगदी प्रामाणिकपणे पाळलं. दर रविवारी प्रार्थना झाली की दोघी जोडीने आमच्याकडे. पेर्पेतुआने झबली शिवून आणली, झेनीने खुळखुळा आणला. तापात दोघी आळीपाळीने पोरीजवळ बसल्या. आई म्हणायची, "माणसं वाईट नाहीत गं." नव्हत्याच वाईट. त्यांनी मला घराबाहेर काढलं आणि माझ्या पोरीला मांडीवर घेतलं, आणि दोन्ही अगदी मनापासून केलं.

निघायच्या दिवशी त्या विमानतळावर आल्या. मी नको म्हटलं होतं. झेनीने वाटेत खायला बिस्कोचोचा, कडक गोड टोस्टांचा, डबा आणला होता. आत फक्त प्रवाशांना सोडतात, त्यामुळे दाराशीच निरोप. रोदेल बॅग धरून उभा होता, आई रडत होती. मी लिगायाला घट्ट धरून ठेवलं होतं. तिच्या डोक्याला दुधाचा वास येत होता. दोन वर्षांनी तो येणार नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात घुमत होतं.

पहारेकऱ्याने दुसऱ्यांदा घड्याळ दाखवलं. आईला रडू आवरेना, पोर तिच्याकडे देववेना. तेवढ्यात पेर्पेतुआने हात पसरले, आणि लिगाया गेली. माझ्या खांद्यावरून झेप घेऊन गेली. रडलीसुद्धा नाही. पेर्पेतुआच्या कानातला मोती हातात धरला आणि खिदळली.

"बघ, कशी आली!" पेर्पेतुआ म्हणाली. "तू अजिबात काळजी करू नकोस, मारे. आम्ही दोघी आहोत ना, आईसारख्याच. आहोत की नाही?"

झेनी माझा दंड धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. माझी पोर त्यांच्या हातात होती, दोन वर्षं त्यांच्याच हातात राहायची होती.

"हुओ," मी म्हटलं.